डावा हात रिकामा, गाडी चारशे किलोंची

शंभरच्या वेगाने सरळ रस्त्यावर कोणतीही मोठी टूरिंग मोटरसायकल गुणी वाटते. चाके फिरत असतात तोवर गाडी स्वतःला तोलून धरते आणि तिचे वजन चालवणाऱ्याच्या अंगावर येत नाही. ते येते पेट्रोल पंपावर वळताना, ढाब्यासमोरच्या खडीत थांबताना, उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना. थोडक्यात, वेग माणसाच्या चालण्याइतका उतरतो तेव्हा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत तर हे आणखी महत्त्वाचे, कारण अशा प्रसंगी आपण सगळे ज्याच्या भरवशावर असतो तो हाफ क्लचच तिथे नसतो. अशी गाडी घ्यायची, निदान एकदा चालवून पाहायची, तर विचार इथूनच सुरू करावा लागतो.

उदाहरण म्हणून होंडाची गोल्ड विंग घेऊ. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनलेल्या गाड्यांत तिचे नाव सर्वांत जुन्यांपैकी आहे. १९७५ साली ती ९९९ सीसीचे चार सिलिंडर घेऊन आली. आजच्या गोल्ड विंगमध्ये १८३३ सीसीचे सहा सिलिंडर आहेत, डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन असे आडवे मांडलेले. टॉर्क १७० न्यूटन-मीटर. मागे डिकी, दोन बाजूंना पेट्या, सगळे मिळून १२१ लिटर सामान मावते. वजन ३८० किलोंच्या पुढे. बुलेट ३५० चे वजन १९५ किलो असते; म्हणजे दोन बुलेट एकत्र तोलल्यासारखेच झाले. त्यातल्या त्यात दिलासा असा की सीटची उंची फक्त ७४५ मिलिमीटर आहे, बुलेटपेक्षाही कमी. सरासरी उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात.

जुने प्रयोग का फसले?

महाराष्ट्राला ऑटोमॅटिक दुचाकी नवी नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बजाज चेतकचा डावा हात पिळून गिअर टाकणाऱ्या पिढीला तिने पहिल्यांदा दाखवले, की सेल्फ मारायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, एवढ्यावर गाडी चालते. तिच्यात ठरावीक गिअर नव्हतेच. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा एक पट्टा. पुल्यांचा व्यास वेगानुसार कमीजास्त होतो आणि गुणोत्तर आपोआप बदलत राहते. आजच्या बहुतेक स्कूटर याच तत्त्वावर चालतात. ही रचना स्वस्त आणि सोपी आहे. तिची खरी उणीव उतारावर कळते. अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग पुरता उतरला की केंद्रोत्सारी क्लच सुटतो, इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हलक्या स्कूटरला हे चालून जाते. दोन माणसे आणि सामान घेऊन घाट उतरणाऱ्या जड गाडीला ते परवडत नाही.

मोठ्या मोटरसायकली ऑटोमॅटिक करण्याचे प्रयत्न कायनेटिकच्याही आधीचे आहेत. १९७५ मध्ये इटलीच्या मोटो गुझीने व्ही१००० कन्व्हर्ट आणली, तर १९७६ मध्ये होंडाने सीबी७५०ए. दोन्हींत मोटारीसारखा टॉर्क कन्व्हर्टर होता. त्यात इंजिनाची शक्ती चाकाकडे जाते ती तेलाच्या प्रवाहातून, दोन भागांना एकमेकांशी घट्ट जोडून नव्हे. त्यामुळे गाडी गिअरमध्ये असताना बंद न पडता उभी राहू शकते, पण शक्तीचा काही भाग तेल तापवण्यात जातो. दोन्ही गाड्यांना गिअरही दोनच होते. साध्या सीबी७५० पेक्षा ऑटोमॅटिक बहीण संथ होती आणि १९७८ नंतर ती थांबलीच. गिअर बदलण्याचे कष्ट वाचवण्यासाठी गाडीचा दम घालवायला मोटरसायकलवाले तयार नव्हते.

पुढचा धडा यामाहाच्या एफजेआर१३०० ने दिला. २००६ च्या सुमारास तिची एक आवृत्ती क्लचच्या लिव्हरशिवाय आली. क्लचचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करी. गिअर मात्र चालवणाऱ्याने पायाने किंवा बोटाने बदलायचे. हायवेवर ती उत्तम चाले. तक्रारी आल्या त्या अरुंद जागेत वळवताना. क्लच नेमका कधी पकडेल आणि कधी सुटेल याचा अंदाज हाताला येत नसे.

याच्या बऱ्याच आधी होंडाला आणखी एक गोष्ट कळून चुकली होती. १९८८ च्या गोल्ड विंग जीएल१५०० ला तिने रिव्हर्सची सोय दिली, आणि त्यासाठी स्टार्टर मोटरचाच वापर केला. त्या गाडीचा गिअरबॉक्स साधा, पायाने चालणाराच होता. ग्राहकाला आधी हवी होती ती गाडी जागच्या जागी हलवण्याची मदत. गिअर आपोआप पडण्याची गरज त्याला फारशी वाटत नव्हती.

दोन क्लच कशासाठी?

२०१० च्या व्हीएफआर१२००एफ मध्ये होंडाने ड्युअल क्लच ट्रान्समिशन, म्हणजे डीसीटी, पहिल्यांदा मोटरसायकलीवर आणले. २०१८ पासून गोल्ड विंगला ते सात गिअरसह मिळते. आत आहेत ते नेहमीच्या मोटरसायकलीसारखेच दात्यांचे गिअर. टॉर्क कन्व्हर्टर नाही आणि पट्टाही नाही. फरक आहे तो क्लचमध्ये. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर सांभाळतो. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा आणि सहावा. दोघांचे दांडे एकात एक बसवलेले असतात: बाहेरचा पोकळ, आतला त्यातून आरपार गेलेला. क्लच दाबण्या-सोडण्याचे काम इंजिन ऑइलच्या दाबाने होते आणि तो दाब कधी, किती द्यायचा हे संगणक ठरवतो.

पंगतीत भात वाढणारा पुढे सरकतो तोच वरणवाला पानाशी आलेला असतो; ताट थांबत नाही. डीसीटीतही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असताना तिसरा आधीच लागून तयार असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. मध्ये शक्तीत खंड पडत नाही. याचा सर्वांत मोठा लाभ चालवणाऱ्याला होत नाही, तो मागे बसणाऱ्याला होतो. साध्या गिअरच्या गाडीवर प्रत्येक वेळी मागचे हेल्मेट पुढच्या हेल्मेटवर टकटक आपटते, ते इथे थांबते. दिवसाला चारशे किलोमीटर डबलसीट जाणाऱ्या जोडप्याला या एका सुधारणेचे मोल फार वाटते.

आणि इथला क्लच केंद्रोत्सारी नसल्यामुळे उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चाकाला रोखून धरते. स्कूटरच्या रचनेत जी उणीव होती ती इथे भरून निघाली.

सगळ्या ऑटोमॅटिक एकसारख्या नाहीत

शोरूममध्ये ऑटोमॅटिक म्हणून जे दाखवले जाते त्यात आज तीन वेगळे प्रकार मिसळलेले असतात. पहिला हा दोन क्लचचा. दुसऱ्यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचा एकच असतो. फक्त तो दाबणारा हात आणि गिअर टाकणारा पाय यांच्या जागी छोट्या मोटरी येतात. बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये आर १३०० जीएस मालिकेत एएसए या नावाने हे दिले, नंतर आर १३०० आरटी या टूरिंग गाडीतही आणले. यामाहाची वाय-एएमटी याच जातीची आहे. या पद्धतीत वजन फारसे वाढत नाही, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते, कारण क्लच एकच आहे. तिसरा प्रकार होंडाचाच ई-क्लच. भारतात तो २०२५ मध्ये सीबी६५०आर आणि सीबीआर६५०आर या गाड्यांवर आला. त्यात गिअर पायानेच टाकायचे. क्लच गाडी स्वतः सांभाळते आणि लिव्हरही जागेवर असते, वाटले तर दाबा.

म्हणून चाचणीला बसण्याआधी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारावेत: क्लचची लिव्हर आहे की नाही, गिअर माझ्याशिवाय बदलतात की नाही, आणि क्लच एक आहे की दोन. या तीन उत्तरांवरून गाडी कोणत्या प्रकारातली आहे हे समजते.

चाचणी कशी घ्यावी?

पहिली पाच मिनिटे गाडी बंद ठेवूनच घालवा. स्टँडवरून सरळ करा, दोन्ही पाय टेकून डावीकडे-उजवीकडे थोडी झुकवा. कोणत्या कोनापर्यंत ती आपल्या ताकदीत राहते आणि कुठून पुढे ती आपल्याला खेचू लागते, हे इथेच समजते. ही सीमा प्रत्येकाची वेगळी असते. कोणत्याही माहितीपत्रकात ती छापलेली नसते.

डीसीटीची गाडी सुरू होते ती नेहमी न्यूट्रलमध्ये. उजव्या मुठीजवळच्या बटणाने ड्राइव्हवर घेतली की ती तयार. इथे जुनी सवय धोक्याची ठरते. सिग्नलला उभे असताना उगाच अ‍ॅक्सिलरेटर पिळण्याची खोड अनेकांना असते. साध्या गाडीत क्लच दाबलेला असतो, त्यामुळे नुसता आवाज होतो. ड्राइव्हमध्ये असलेली डीसीटी मात्र पुढे झेपावते. उभे राहून कोणाशी बोलायचे असेल, मागच्याला बसवायचे-उतरवायचे असेल किंवा पोरे कौतुकाने हँडलला हात लावत असतील, तर आधी न्यूट्रल करावे. हा नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावा.

दुसरी सवय डाव्या हाताची. काही दिवस बोटे हवेतच क्लच शोधत राहतात. गोल्ड विंगमध्ये तिथे काही नसते, पण होंडाच्याच आफ्रिका ट्विनच्या डीसीटी आवृत्तीत डाव्या हँडलवर पार्किंग ब्रेकची लिव्हर असते. ती क्लच समजून ओढणारे नवखे कमी नाहीत.

आता मुख्य परीक्षा. मोकळ्या पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवून आठचा आकडा काढा. साध्या गाडीत आपण हे हाफ क्लचवर करतो. इथे अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा पण स्थिर धरायचा आणि मागचा ब्रेक हलका दाबून वेग आवरायचा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तर चालण्याच्या वेगाला क्लच सुटतो, ओढ नाहीशी होते आणि झुकलेली गाडी खाली बसू लागते. घाबरून पुन्हा पिळला तर ती हिसका देऊन पुढे जाते. पुढचा ब्रेक तर हँडल वळलेले असताना दाबूच नये; चारशे किलोंची गाडी आडवी पाडण्याचा तो हमखास मार्ग आहे. पाय आणि मूठ यांचा हा मेळ थोड्या सरावाने बसतो. बसला की हाफ क्लचची आठवण येत नाही. बसत नसेल, तर ते पैसे देण्याआधीच कळलेले बरे.

त्यानंतर चढावर थांबून निघा. गोल्ड विंगमध्ये ब्रेक जोरात दाबला की गाडी काही क्षण धरून ठेवणारी सोय आहे. ती कशी लागते आणि कधी सुटते ते पाहा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याचा मोह टाळा. त्यात क्लच घसरत राहतो आणि तापतो.

मग चालण्याचा मोड. बटण दाबले की गाडी इंजिनाच्याच शक्तीने सावकाश पुढे किंवा मागे सरकते. गिअरची प्लस-मायनस बटणे इथे पुढे आणि मागे जाण्यासाठी वापरतात. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे घेऊन पाहा. याच कामासाठी एरवी दोन माणसांना हाका माराव्या लागतात.

उरलेल्या वेळात ज्या व्यक्तीसोबत प्रवास करायचा तिला मागे बसवून रहदारीतून एक फेरी मारा. एकट्याने आणि रिकाम्या पेट्यांनी घेतलेली चाचणी अर्धीच असते. आणि बसण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट: चाचणीत गाडी पडली तर नुकसान कोण भरणार हे लेखी विचारून घ्या.

पडलीच, तर आधी इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून पायांच्या ताकदीने उचला. ही गाडी एकट्याने उचलण्याच्या हट्टात पाठ धरते. जवळपास कोणी असेल तर हाक मारण्यात कमीपणा नाही.

घाटातले शहाणपण

तंत्र कितीही हुशार असले तरी पुढचे वळण त्याला दिसत नाही. ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट उतरताना संगणकाला एवढेच कळते, की अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला आहे आणि वेग अमुक आहे. इंधन वाचवण्यासाठी तो वरचा गिअर लावून ठेवतो आणि इंजिनाचा रोध कमी होतो. अशा वेळी डाव्या हाताच्या मायनस बटणाने एक-दोन गिअर खाली घ्यावेत. गाडी ऑटोमॅटिकमध्ये असतानाही हे चालते. थोड्या वेळाने ती पुन्हा स्वतःच्या हिशेबाने चालू लागते. लांब उतार असेल तर मॅन्युअलवर टाकून निश्चिंत व्हावे. गोल्ड विंगमध्ये टूर, स्पोर्ट, इकॉन आणि रेन असे चार मोड आहेत आणि मोडप्रमाणे गिअर लवकर किंवा उशिरा बदलतात. घाटात स्पोर्ट मोड लावला तर इंजिन जास्त फिरत राहते आणि रोधही चांगला मिळतो.

चढावर ट्रक ओलांडतानाही हेच बटण कामी येते. अ‍ॅक्सिलरेटर जोरात पिळला की गाडी गिअर खाली आणते, पण त्याला क्षणभर लागतो. समोरून येणारी एसटी दिसत असताना तो क्षण फार मोठा वाटतो. म्हणून ओलांडण्याचा विचार पक्का झाला, की आधी बटणाने गिअर खाली घ्यायचा आणि मग बाहेर पडायचे. डावा हात रिकामा झाला तरी डोके रिकामे होत नाही. गिअर बदलण्याचे कष्ट गेले, निर्णय मात्र आपल्याकडेच राहिला.

घरी आणल्यानंतर

आता पैशांचे बोलू. गोल्ड विंग भारतात जपानहून पूर्ण बनून येते. पन्नास वर्षांच्या निमित्ताने काढलेली आवृत्ती मे २०२५ मध्ये ३९.९० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला जाहीर झाली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात १६०० सीसीवरील आयात मोटरसायकलींचे सीमाशुल्क ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. पण सप्टेंबरपासून ३५० सीसीवरील दुचाकींचा जीएसटी ४० टक्के झाला. त्यावर रोड टॅक्स आणि विमा. चाळीस लाखांच्या गाडीवर या दोन बाबीच एका चांगल्या मोटरसायकलीएवढ्या होतात.

रोजच्या देखभालीत डीसीटीचा वेगळा त्रास फारसा नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइल एकच लागते, मात्र क्लचच्या तेलाला स्वतंत्र फिल्टर असतो. सर्व्हिसच्या बिलावर तो दिसतो की नाही ते पाहावे. मागच्या चाकाकडे शक्ती शाफ्टने जाते, त्यामुळे साखळीला तेल लावण्याची कटकट नाही. क्लचचे मोठे काम निघाले तर ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचे नव्हे. काम झाल्यावर संगणकाशी पुन्हा जुळणी करावी लागते. म्हणून घरापासून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हा प्रश्न रंग कोणता घ्यावा याच्या आधी यावा.

बॅटरीचीही काळजी घ्यावी लागते. डीसीटीची गाडी धक्का मारून सुरू होत नाही. तेलाचा दाब नसेल तर दोन्ही क्लच सुटलेले असतात, चाक फिरले तरी इंजिन फिरत नाही. याच कारणाने बंद गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर लावता येत नाही. पार्किंग ब्रेक ओढावाच लागतो. पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर जोडून ठेवावा.

टायरचे मापही पाहून ठेवा. मागचा टायर २००/५५ आर१६ असा आहे. हे माप कोणत्याही गावात फळीवरून काढून मिळत नाही. आधी मागणी नोंदवावी लागते. मोठ्या दौऱ्यावर निघताना टायर अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर तो बदलूनच निघावे. टाकी सुमारे २१ लिटरची आहे आणि लिटरला अठराच्या आसपास अ‍ॅव्हरेज धरले तर साडेतीनशे किलोमीटर आरामात होतात. मागे बसणारा त्याच्या बराच आधी चहा मागतो.

महाराष्ट्रातल्या मालकाची खरी अडचण यंत्रात नाही, रस्त्यावर आहे. ही गाडी अमेरिकेतल्या रुंद, अखंड महामार्गांवर वाढली. १९८० पासून २०१० पर्यंत ती ओहायोतल्या मेरीसव्हिलच्या कारखान्यात बनत होती. आपल्याकडे त्या धाटणीचे जे रस्ते झाले, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. चाळीस लाखांची गोल्ड विंगही जुन्या रस्त्याने, टेम्पो आणि एसटीच्या मागून घाट चढते. म्हणजे इथे या गाडीचा जास्त वेळ नेमका त्याच वेगात जातो जिथे वजन बोलते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे खरे मोलही इथेच आहे. लोणावळ्याच्या शनिवारच्या कोंडीत जड गाडीचा क्लच शेकडो वेळा दाबून मनगट आणि अंगठा दुखतो, ते दुखणे संपते. संधिवाताने किंवा जुन्या इजेने डाव्या हाताची पकड कमी झालेल्यांना तर या गिअरबॉक्सने मोटरसायकल सोडण्यापासून वाचवले आहे.

कोणी घ्यावी?

ज्याचा बहुतेक प्रवास डबलसीट आणि लांबचा आहे, गाडी सपाट जागी लावण्याची सोय आहे आणि सर्व्हिस सेंटर शहरात आहे, त्याला ऑटोमॅटिक टूरिंग गाडी उत्तम. गिअर अचूक पडण्यातच ज्याला मजा वाटते त्याने साधी घ्यावी, किंवा ई-क्लचसारखा मधला मार्ग पाहावा. वजन झेपत नसेल पण डीसीटी आवडला असेल, तर त्याच तंत्राची होंडाची एक्स-एडीव्ही ७५० भारतात मिळते. तिचे वजन २४० किलोंच्या आत आहे आणि किंमत गोल्ड विंगच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. फक्त सीट उंच आहे, तेव्हा पाय टेकतात का ते आधी बघावे.

चाचणीला अर्धा तास मिळाला तर त्यातली वीस मिनिटे पार्किंगमध्ये घालवा आणि दहा रस्त्यावर. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल. तो हायवेची फेरी सुचवेल, कारण तिथे गाडी स्वतःच स्वतःला विकते. त्याला नम्रपणे नाही म्हणा. त्या वीस मिनिटांत तुमचे खांदे सैल राहिले आणि मागे बसलेल्या माणसाने तुमची कंबर घट्ट धरली नाही, तर पुढचे बोलणे किमतीचे.